दोनशे घोडे, एक पंखा

नवी मोटारबोट घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, "किती एचपी?" दुसरा, "पळते किती?" तिसरा प्रश्न सहसा निघतच नाही, कारण पहिल्या दोन उत्तरांत विचारणारा पुरेसा जळलेला असतो आणि मालकाचंही काम झालेलं असतं. इंजिनाच्या झाकणावर दोनशेचा आकडा इतका ठळक छापलेला असतो की तो मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहून वाचता यावा. त्या दोनशे घोड्यांची मेहनत ज्याच्यातून पाण्यात उतरते, तो फूट-सव्वा फूट व्यासाचा पंखा मात्र कायम पाण्याखाली असतो. त्याचेही आकडे असतात, पण ते त्याच्या बुंध्यावर कोरलेले असतात आणि शेवाळ खरवडल्यावरच दिसतात. बोटवाल्याला पोरांच्या जन्मवेळा, गाडीचा नंबर आणि इंजिनाचा एचपी तोंडपाठ असतो. पंख्याचा नंबर विचारला की तो मेकॅनिककडे बघतो आणि मेकॅनिक समुद्राकडे बघतो. माझं म्हणणं असं, की वेगाने बोट चालवण्यातली निम्मी सुरक्षितता या दुर्लक्षित पंख्यात आहे. आणि वेगवान बोटीला चांगला पंखा कोणता, तर जो तिला नीट हळू चालू देतो. हे वाचून वेगप्रेमी मंडळी पान उलटतील. त्यांनी उलटू नये, त्यांच्या पेट्रोलचा खर्चही याच हिशेबात आहे.

मोठं म्हणजे वेगवान हा समज पंख्याइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या शेतकऱ्याने 1836 साली जहाजाच्या पंख्याचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला पंखा म्हणजे पूर्ण दोन वेढे असलेला लांबलचक लाकडी स्क्रू होता. 1837 मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि निम्मा तुटून गेला. बोट थांबायला हवी होती. ती आधीपेक्षा जोरात पळू लागली. तुटल्यावर सुधारलेली वस्तू क्वचितच सापडते, आणि स्मिथचं मोठेपण असं की त्याने तुटलेला तुकडा शोधून परत जोडला नाही. आपल्याकडे तो संध्याकाळपर्यंत तारेने बांधून झाला असता. पुढे 1894 मध्ये चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' पाण्यात सोडली. ताकद भरपूर, पण वेग काही केल्या येईना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की पात्यांच्या पाठीमागे पाण्याचा दाब कोसळून थंडगार पाणी उकळायला लागे, वाफेचे बुडबुडे होत आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळीत गरगरत राही. पार्सन्सने टर्बाइनची मांडणी बदलली, एकाऐवजी तीन दांडे बसवले आणि प्रत्येकावर तीन असे नऊ छोटे पंखे लावले. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेडला शाही नौदलाची पाहणी चालू असताना ही बोट आगंतुकासारखी रांगांमधून चौतीस नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या वर पळाली, आणि तिला हाकलायला निघालेल्या गस्तीच्या बोटी मागे राहिल्या. ज्या नौदलाला पाहणी करून घ्यायची होती त्याने उलट हीच बोट पाहिली. घोडे होतेच, ते पाण्यात कसे उतरवायचे हा प्रश्न पंख्याने सोडवला.

आता ते खरवडून काढलेले आकडे. समजा 13 × 17 असं कोरलंय. पहिला आकडा व्यास, इंचांत. दुसरा पिच, म्हणजे पाणी जागचं हललं नसतं तर एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे गेला असता ते. इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेतंय आणि खालच्या गिअरमध्ये ते निम्मे होतात असं धरलं, तर पंखा 2750 फेरे घेतो. सतरा इंचांच्या हिशेबाने बोट ताशी एकाहत्तर किलोमीटर पळायला हवी. ती पळते साठ. कारण पाणी हलतं, हलणं हा त्याचा धर्म आहे. ही पंधरा टक्क्यांची स्लिप ऐकून मालकाचा चेहरा दुकानदाराने वजनात मारल्यासारखा होतो, पण वेगाने पळणाऱ्या बोटीत दहा ते वीस टक्के स्लिप ही चोरी नव्हे. पात्याने पाणी मागे रेटलं तरच बोट पुढे जाणार. पाणी मुळीच सरकलं नाही तर रेटा कशावर बसणार? तेव्हा शून्य स्लिपचा पंखा विकणारा कोणी भेटलाच, तर त्याच्याकडून पंखा घेऊ नये आणि जमीनही घेऊ नये.

हे गणित एकदा समजलं की मालकाच्या डोक्यात पुढचा विचार आपोआप येतो: सतराचा एकोणीस केला तर? एकोणिसाचा एकवीस? प्रत्येक फेऱ्याला दोन इंच जास्त, म्हणजे फुकटचा वेग! हा विचार म्हणजे भरलेली एसटी कुंभार्ली घाटात टॉप गिअरमध्ये टाकून चिपळूणहून लवकर पोहोचण्याचा बेत आहे. इंजिनाच्या पुस्तकात लिवर पूर्ण उघडल्यावर फेरे किती असावेत याची मर्यादा दिलेली असते, समजा पाच ते सहा हजार. नेहमीची माणसं, नेहमीचं सामान, भरलेली टाकी, आणि लिवर शेवटपर्यंत दाबल्यावर काटा या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात पोहोचला, तर पंखा बरोबर. पिच जास्त झाला की काटा सत्तेचाळीसशेवर अडतो. इंजिन आतल्या आत गुदमरतं, तापतं, काजळी धरतं. पण आवाज कमी होतो, म्हणून मालक कौतुकाने सांगतो की इंजिन कसं शांत चालतंय बघा. उलट पिच फार कमी पडला तर इंजिन सहा हजारांच्या पलीकडे किंचाळतं आणि तरी बोटीचा वेग वाढेना असा देखावा होतो. पिच एक इंच बदलला की साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणजे एकोणीसवरून सतरावर आलात तर तीन-चारशे फेरे परत मिळतात. एवढ्या सोप्या वजाबाकीसाठी माणसं नवीन इंजिन घेतात.

इथे हमखास आक्षेप येतो: पिच कमी केला तर वरचा वेग जाईल त्याचं काय? जाईल थोडा, कधी कधी. नाकारण्यात अर्थ नाही. पण वरचा वेग ही वस्तू वापरली किती जाते? तो मुख्यतः सांगण्यासाठी असतो. दिवसभर बोट चालते ती मधल्या वेगात, आणि खरी गोम तिथेच आहे. वेगवान बोट सावकाश असते तेव्हा पाण्यात बसून चालते, जोरात असते तेव्हा पाण्याच्या वर चढून पळते. मधल्या टप्प्यात मात्र ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायची धडपड करत नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर करून चालते. या अवस्थेत चालवणाऱ्याला समोर निळंशार आकाश दिसतं. ते सुंदर असतं; पण डोल जाळ्यांचे बोये, छोटी होडी आणि पोहणारी माणसं आकाशात नसतात. शिवाय पेट्रोल मुबलक जळतं आणि मागे जी लाट उठते तिने शेजारच्या होडीतल्या म्हाताऱ्याचा डबा पाण्यात जातो. जास्त पिचच्या पंख्याने ही चढण चढायला वेळ लागतो, आणि चढल्यावर वर टिकून राहायला वेग जास्त ठेवावा लागतो. समजा पस्तीसच्या खाली आलात की बोट पुन्हा नाळ उचलून बसते. नेमक्या पिचचा, किंवा तीनऐवजी चार पात्यांचा पंखा बोटीला तीसवर, कधी पंचविसावरही आडवी पळवत ठेवतो. चार पात्यांत वरचा वेग जरा कमी मिळतो, पकड जास्त. आता वारा सुटलाय, समोर वर्दळ आहे, वेग कमी करायची इच्छाही आहे. चुकीच्या पंख्याच्या मालकापुढे दोनच रस्ते उरतात: आंधळं चालायचं, नाहीतर सुसाट सुटायचं. तो सुसाट सुटतो. आपण म्हणतो, काय पोरगं बेभान आहे. अर्धा दोष पोराचा, अर्धा त्या दोन इंचांचा.

रस्त्यावरच्या माणसाला पाण्यावरची जी गोष्ट पचायला फार वेळ लागतो ती ही, की बोटीला ब्रेक नसतो. लिवर मागे ओढणं म्हणजे ब्रेक नव्हे. झटकन ओढलात तर तुमचीच मागची लाट तुमचा पाठलाग करत येते आणि पिछाडीच्या फळीवरून आत उतरते. ताशी साठला सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जातात. फोन कोणाचा आहे एवढं बघून 'नंतर करतो' म्हणायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पन्नास मीटर समुद्र न बघता पार झाला. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतला सहावा नियम सुरक्षित वेगाचा. त्यात आकडाच नाही. दृश्यता, वर्दळ, वारा, खोली, बोट किती अंतरात थांबते, हे सगळं बघून वेग ठरवा, एवढंच. फलकावरचा चाळीसचा आकडा बघून साठने जाण्याची सवय असलेल्यांची यात मोठी अडचण होते, कारण मोडायला काही मिळतच नाही.

उस्तादांना अशा नियमांची गरज नसते असं म्हणणाऱ्यांसाठी हेन्री सीग्रेव्हचं उदाहरण. जमिनीवर वेगाचे विक्रम करून तो पाण्याकडे वळला. 13 जून 1930 ला इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरात 'मिस इंग्लंड टू' ही बोट त्याने दोन फेऱ्यांत सरासरी ताशी 98.76 मैलांनी पळवली, म्हणजे सुमारे 159 किलोमीटर. विक्रम झाला होता. तरी त्याने आणखी एक फेरी घेतली, तीत बोट उलटली आणि त्यातच तो गेला. त्याच्या बरोबरचा एक सहकारीही गेला. बोट पाण्यात तरंगणाऱ्या एखाद्या फांदीवर आदळली असावी असं मानलं जातं. ते होतं गोड्या पाण्याचं, निवांत सरोवर. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर ओंडके, निळी पिंपं, केळीचे खांब आणि फाटकी जाळी अशी वरात निघालेली असते. त्यातून सुसाट जायला उस्ताद असून भागत नाही, पाण्याखालचं दिसावं लागतं.

दुसरा आक्षेप जुन्या तांडेलांचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, आम्हाला इंजिनाच्या आवाजावरून सगळं कळतं, काटे कशाला? कळतं हे खरं. डिझेलच्या मचव्यावर चाळीस वर्षं काढलेला कान खोटं बोलत नाही. पण तो कान मचव्याचा असतो. वळण घेताना आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला बाहेर टांगलेलं इंजिन, जरा जास्त वर झुकवलेलं राहिलं, तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो. फेरे एकदम चढतात, आवाज कानठळ्या बसवतो आणि बोट ढिली पडते. मचव्याच्या सवयीने हात आणखी रेस द्यायला जातो. तो जितकी रेस देईल तितकी जास्त हवा. उपाय उलटा आहे: रेस सोडा, इंजिन खाली घ्या, पात्यांना पुन्हा पाणी लागू द्या. वळणाआधीच इंजिन खाली घेतलं असतं तर हा गोंधळ झालाच नसता. सरळ सपाट पाण्यावर ते थोडं वर घेतलं की बोट हलकी पळते. फार घेतलं की नाळ वरखाली आपटायला लागते, आणि तेव्हा मागच्या बाकावरच्या मंडळींना वाटतं, हा राइडचाच भाग.

आता ती लाल दोरी. प्रत्येक आउटबोर्डबरोबर येते, एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. माणूस फेकला गेला की इंजिन बंद. अमेरिकेत एप्रिल 2021 पासून छोट्या वेगवान बोटींना ती लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ती बहुधा स्विचवरच गुंडाळून ठेवलेली आढळते, कारण ती बांधली की माणूस दावणीला बांधल्यासारखा दिसतो आणि गॉगलची शान जाते. पण चालवणारा पडल्यावर बोट सरळ निघून जात नाही. सुकाणू सुटलं की पंख्याच्या ओढीने इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरत, चालवणारा पडला त्या जागेवर परत येते. मगाचाच पंखा घ्या: 2750 फेरे आणि तीन पाती, म्हणजे सेकंदाला एकशे सदतीस वेळा पातं फिरतं. तेव्हा दोरी बांधावी. माणसं पाण्यातून वर चढत असताना इंजिन न्यूट्रलला नव्हे, बंद असावं, कारण न्यूट्रल आणि गिअर यांच्यात फक्त कोणाच्या तरी कोपराचं अंतर असतं. लाइफ जॅकेट बसायच्या बाकाखाली नसावं, अंगात असावं. यावर मी जास्त बोलत नाही. ज्याला हे पटवावं लागतं तो एव्हाना पंख्याचं वाचून कंटाळून गेलेला असतो.

स्टीलचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, यावर मात्र मंडळी तासन्‌तास बोलतात. स्टीलची पाती पातळ करता येतात, जोरात वाकत नाहीत, पकड चांगली. दिसायलाही चकचकीत, हे कोणी कबूल करत नसलं तरी निर्णायक कारण. ॲल्युमिनियम स्वस्त आणि मऊ. मालवणसारख्या खडकाळ पाण्यात माझं मत मऊपणाच्या बाजूचं आहे. खडकाला लागलं तर पातं वाकावं, गिअरपेटीने मार खाऊ नये. पंख्याच्या आत रबरी बुश असतो तो धक्का सोसायलाच. पण तोही एक दिवस सुटतो. मग इंजिन ओरडतं, बोट रांगते, आणि मालक इंजिनवाल्याला शिव्या देतो. एक जास्तीचा पंखा, नट, पिन आणि पाना बोटीत ठेवला तर हा प्रसंग अर्ध्या तासात मिटतो. वाकलेलं पातं गॅरेजमध्ये हातोडीने ठोकून सरळ करून घेण्याची पद्धत आहे. ते डोळ्याला सरळ दिसतं, पण तिन्ही पात्यांचा पिच वेगवेगळा होतो आणि सगळी थरथर दांड्याच्या बेअरिंगला भोगावी लागते. पंखा काढलाच आहे तर दांड्याला हात लावून बघावा. बहुतेक वेळा तिथे गळाची नायलॉनची तार गुंडाळलेली सापडते, घासून वितळून काचेसारखी झालेली. ती सील कापते, पाणी गिअरपेटीत शिरतं, आणि खालचा बोल्ट सोडला की तेलाऐवजी दुधाळ पांढरं काहीतरी बाहेर येतं. ते पाहिलेला माणूस पुढे नियमितपणे पंखा काढतो.

पंखा बरोबर आहे की नाही हे कळायला लिवर पूर्ण उघडून बघावंच लागतं. ते कुठे उघडायचं, हाही सुरक्षिततेचाच प्रश्न. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून आदळली आणि पंधरा जीव गेले. चाचणी म्हणजे काहीतरी बिघडू शकतं हे गृहीत धरून केलेली गोष्ट. ती माणसांपासून दूर, मोकळ्या पाण्यातच करायची असते.

आणि चाचणी नेहमीच्या वजनाने करायची असते. रिकाम्या बोटीत, एकट्याने, सकाळच्या सपाट पाण्यावर काटा सत्तावन्नशेला लागला याचा पुरावा म्हणून उपयोग शून्य. तीच बोट रविवारी भरली की पाच हजार गाठताना रडते. उत्पादकाने बसवून दिलेला पंखा चुकीचा कसा असेल, असंही विचारलं जातं. तो चुकीचा नसतो. त्याने तो एका कल्पित कुटुंबासाठी बसवलेला असतो, ज्यात माणसं मोजकी आणि हलकी असतात आणि कोणी बर्फाची पेटी आणत नाही. म्हणून पंख्याच्या दुकानात जाणता माणूस एचपी विचारत नाही. तो विचारतो, "शेठ, माणसं किती बसतात?" परवान्यावर सहा लिहिलेलं असतं, म्हणून शेठ ठामपणे सांगतात, "सहा." दुकानाबाहेर गाडीत शेठचं कुटुंब बसलेलं असतं: दोन मुलं, सून, मेव्हणे आणि त्यांच्या मिसेस, पुण्याहून आलेल्या आत्या, शेजारचे दोघं, शिवाय डिकीत कोळशाची शेगडी आणि पाण्याचे दोन कॅन. दुकानदार काचेतून एकदा बाहेर बघतो, सहा माणसांचा पंखा काढतो आणि किमतीत दहा टक्के सूट सांगतो. सूट म्हटल्यावर शेठ ती वीस टक्के करून घेण्याच्या मागे लागतात आणि माणसांचा विषय तिथेच राहतो.